वाटी-चमचा की बोंडलं?

वेळेआधी जन्मलेल्या बाळाची दूध द्यायची नाकातली नळी निघाली की पुढचा प्रश्न येतो: आता पाजायचं कशाने? आमचं बाळ तेहतिसाव्या आठवड्यात आलं, १६४० ग्रॅमचं. नळी सुटली तेव्हा दर दोन तासांनी २२ मिली ठरलं होतं. ऑफिसच्या आधीचं आणि संध्याकाळचं पाजणं माझ्याकडे, त्यामुळे वाटी-चमचा आणि बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) या दोन्ही गोष्टी हाताखालून गेल्यात.

बाटलीचा विचारच केला नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गरोदरपणापासून धरून साधारण ३४ आठवड्यांनंतर बसतो, आणि बाटलीची सवय लागली की अंगावर प्यायला बाळ कुरकुरतं म्हणतात. सिस्टरांसमोर तर बाटलीचं नावही काढायची सोय नव्हती.

वाटी-चमच्याला नावं ठेवायला जागा कमी. घरातच असतो, उकळायला सोपा, आणि चमच्यात मावतंच थोडं, म्हणून नवख्या बापाच्या हातूनही एकदम जास्त जात नाही. पहिले चार दिवस मी चमच्यानेच पाजलं.

पण सांडतं हो! चमचा वाटीकडे नेला की तोंड मिटतं, परत आणावा तर ओठ शोधायचे, तेवढ्यात निम्मं हनुवटीवरून खाली. २२ मिलीला अर्धा तास, शेवटी बाळ झोपूनच जायचं. तक्त्यावर '२२' लिहिताना हात अडखळायचा, कारण त्यातलं किती मानेखालच्या मलमलच्या घडीत गेलं कोण जाणे. तिसऱ्या दिवशी मानेच्या वळीत लाल रेघ दिसली, आंबूस वास येत होता. बायको पहाटे तीनला उठून हाताने दूध काढायची. बर्फाच्या पिशवीतली ती डबी छातीशी धरून मी कांजूरमार्गहून गर्दीच्या लोकलने आणायचो. सुरुवातीला तिचं दूध पुरत नव्हतं, तेव्हा मिल्क बँकेचं मिळालं (आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये मुंबईत, आपल्या सायन हॉस्पिटलातच निघाली), म्हणजे कुणा अनोळखी बाईने काढून दिलेलं. तेही त्या घडीतच मुरायचं. माझं मन तिथेच उडालं.

बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याशी टेकलेलीच राहते, त्यामुळे बाळाचा सूर तुटत नाही. आमचं पंधरा मिनिटांत आटपायला लागलं आणि घडी जवळजवळ कोरडी. सिस्टर त्याला पलाडाई म्हणायच्या, आईने पाहताक्षणी ओळखलं, 'अरे, हे तर बोंडलं!'

धोका मात्र इथेच जास्त. हात घाईचा असेल तर दूध भसकन जातं आणि ठसका लागतो. बाळाला बरंचसं उभं, मांडीवर टेकवून धरायचं; दूध चोचीच्या टोकाशी आणून थांबायचं; गिळलेलं दिसलं की पुढचा घोट. हात कापणारा माणूस असेल तर चमचाच बरा, आणि तुमच्या वॉर्डात जे शिकवतील ते आधी.

घेताना उघड्या पन्हळीसारख्या चोचीचं स्टीलचं घ्या. नळीसारख्या बंद चोचीत दुधाचा पापुद्रा वाळून बसतो, ब्रश शिरत नाही. आत्याने चांदीचं नक्षीदार आणलंय, ते बारशापर्यंत कपाटात आहे.