कुलरवाल्याने बनवलेली बोटीची गॅसपेटी

‘नागपुरात बोटीचे काम?’ असे घरचेही हसत विचारत होते. माझ्या मेव्हण्यांची २२ फुटी शिडाची बोट रत्नागिरीला असते आणि तिच्यावर चहा-खिचडीसाठी लागणारे ५ किलोचे सिलिंडर ते इतकी वर्षे केबिनमधल्या बाकाखाली ठेवत असत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, त्यातला प्रोपेन सुमारे दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट. घरात गळती झाली तर दाराच्या फटीतून थोडा तरी बाहेर जातो. बोट मात्र कढईसारखी असते, गॅस तळाशी साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेले की इंजिन सुरू करतानाची एक ठिणगीही स्फोटाला पुरते.

म्हणून सिलिंडरसाठी वेगळी पेटी हवी होती. ती फक्त वरून उघडणारी, केबिनच्या बाजूने पूर्ण बंद आणि तळातून नळीवाटे थेट बोटीबाहेर निचरा होणारी असावी लागते. मी हे काम आमच्या भागातल्या एका कुलर बनवणाऱ्या कारखान्याला दिले, कारण पत्र्याची न गळणारी टाकी वर्षानुवर्षे करत आलेला माणूस मला दुसरीकडे कुठे मिळणार होता?

पत्रा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा घेतला. कारागिराने ३०४ सुचवला होता, तो स्वस्त पडला असता, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत त्यावर डाग पडून तो लवकर खराब होतो. वेल्डिंग इतके सफाईदार की सांध्यावरून बोट फिरवले तरी कुठे अडकत नाही. झाकणाला रबरी पट्टी, आत सिलिंडर उभे राहावे म्हणून तळाशी कडे आणि वर आवळण्याचा पट्टा, शेगडीकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळीसाठी घट्ट बसणारे एकच छिद्र. रेग्युलेटर पेटीतच राहतो.

चूक निचऱ्याच्या छिद्रात झाली. ते तळाला न पाडता बाजूच्या भिंतीत, तळापासून बोटभर वर पाडले होते. विचारल्यावर कारागीर शांतपणे म्हणाला, “भाऊ, टाकीचं भोक असंच राह्यते, गाळ खाली बसते.” कुलरच्या दृष्टीने ते बरोबरच होते. वाद घालण्याऐवजी मी पेटीत तांब्याभर पाणी ओतले; ते पसरून तळातच थांबले, बाहेर थेंबही आला नाही. पाणी जिथे थांबते तिथे गॅसही थांबणार, एवढेच मी म्हणालो. त्याने काही न बोलता छिद्र बुजवले, तळाला मधोमध किंचित उतार दिला आणि सर्वांत खोल जागी २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचे सॉकेट जोडले. पुन्हा पाणी ओतले तेव्हा तळ फक्त ओला राहिला. या दुरुस्तीचे त्याने पैसे घेतले नाहीत, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो.

पेटी ट्रान्सपोर्टने गेली. सिलिंडर अर्थातच तिकडचेच. बसवताना मेव्हण्यांनी निचऱ्याची नळी सतत उताराची ठेवली, कारण मध्ये झोळ पडला तर त्यात पाणी साचून गॅसची वाट बंद होते. तिचे तोंड बोट कलली तरी पाण्याच्या वर राहील असे, आणि खिडक्यांपासून अर्ध्या मीटरहून अधिक लांब काढले. नंतर सर्व जोडांना साबणाचे पाणी लावून पाहिले, एकही बुडबुडा आला नाही. स्वयंपाक झाला की सिलिंडरची चावी बंद करण्याचे काम मात्र पेटी करत नाही, ते मेव्हण्यांनाच करावे लागते.

मजुरी आणि पत्रा मिळून ११,५०० रुपये झाले. तक्रार असलीच तर वेळेची आहे: आठ दिवस सांगून तीन आठवडे लागले, आणि झाकणाची रबरी पट्टी एका कोपऱ्यात थोडी आखूड असल्याने ती मला बदलून घ्यावी लागली. असे काम द्यायचे असल्यास दसऱ्यानंतर जावे. फेब्रुवारीपासून तिथे कुलरखेरीज दुसऱ्या कामाला कोणी हात लावत नाही.