सौम्य न्यूमोनिया : घरी गोळ्या घ्यायच्या की भरती व्हायचं?

एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘न्यूमोनिया’ वाचलं की घरात दोन तट पडतात. ‘आजच ॲडमिट करा, विषाची परीक्षा नको’ आणि ‘धडधाकट चालतोय की, कशाला?’ पहिल्यांना भीती एक्स-रेवरच्या डागाची, दुसऱ्यांना भरवसा चालण्याफिरण्याचा. निर्णय मात्र श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि वय बघून होतो.

मोठ्या माणसांत डॉक्टर साधारण हे पाहतात : बोलण्यात गोंधळ आहे का, मिनिटाला 30 किंवा जास्त श्वास चाललेत का, वरचा रक्तदाब 90 च्या खाली किंवा खालचा 60 पर्यंत उतरलाय का, वय 65 किंवा जास्त आहे का. यातलं काहीच नाही, ऑक्सिजन 94 च्या वर आहे, पोटात गोळी टिकतेय, तर बहुतेकांना घर पुरतं. लहान मुलांचे आकडे वेगळे, तिथे हा हिशोब लावू नका.

श्वास मोजताना पेशंटला सांगू नका; सांगितलं की तो बदलतो. पेशंट टीव्ही बघत असताना पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजा. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटातून काढलात तर आधी सेल बदला, बोटं गार असतील तर चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा.

सौम्य आजारात सलाईनमधून दिलेलं औषध गोळीपेक्षा ‘पॉवरफुल’ असतं हा निव्वळ गैरसमज. उलट भरती झाल्यावर खर्च होतो, झोप मोडते आणि दवाखान्यातलं दुसरं इन्फेक्शन लागायची शक्यता असते. केवळ मेडिक्लेम मिळावा म्हणून चोवीस तास खाट अडवणं तर मला अजिबात पटत नाही.

पण घरी राहायचं तर घरात कुणीतरी हवं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा किंवा मुलं परदेशी असलेले कोथरूडचे आजी-आजोबा यांना रात्री दम लागला तर बघणार कोण? अशांनी आकडे ठीक असूनही एक-दोन दिवस भरती झालेलं बरं. गरोदरपण, आटोक्यात नसलेली शुगर, हृदय किंवा किडनीचा जुना आजार असेल तर निर्णय डॉक्टरांवरच सोडा. ओठ निळसर पडले, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर चर्चा बंद. 108 ला फोन.

शेजाऱ्याची उरलेली ॲमॉक्सिसिलिन ही अँटिबायोटिक गोळी घेऊ नका. चालत्याफिरत्या न्यूमोनियामागे बऱ्याचदा मायकोप्लाझ्मा असतो. या जिवाणूला पेशीभित्तिकाच, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच नसते आणि ॲमॉक्सिसिलिन नेमकी तिच्यावरच काम करते. तिथे ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन लागते. कोणती, ते डॉक्टर ठरवतील. ताप उतरला म्हणून कोर्स अर्धवट सोडायचा नाही, आणि दोन-तीन दिवसांत उतरलाच नाही तर पुन्हा दाखवायचं.

खोकला मात्र तीन-चार आठवडे रेंगाळू शकतो. एक्स-रेवरचा डाग जायलाही सहा आठवडे लागतात, म्हणून बरं वाटत असताना आठव्या दिवशी पुन्हा फिल्म काढण्यात अर्थ नाही. तरी दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकीची टीबी तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक गोळी आधीच सुरू केली असेल तर टीबी काही काळ झाकला जातो, म्हणून ती घेतल्याचं तिथे आवर्जून सांगा.