मधल्या वेळचे खाणे आणि गिरगावातील एक दुकान

चर्चगेट किंवा सीएसएमटीहून लोकलने घरी पोहोचणाऱ्या कुटुंबाचे रात्रीचे जेवण नऊ-साडेनऊच्या आधी क्वचितच होते, त्यामुळे दुपारच्या डब्यानंतर मुलांनी सात-आठ तास काहीच खाऊ नये ही अपेक्षा मला अवास्तव वाटते. प्रश्न उरतो तो काय खावे आणि किती वेळा खावे याचा. गिरगावातील एका घरगुती खाद्यपदार्थांच्या दुकानातून आम्ही हा खाऊ नियमितपणे आणतो.

येथील फुटाणे उत्तम आहेत. ताजे, कुरकुरीत आणि जवळजवळ अळणी. शंभर ग्रॅम फुटाण्यांत सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात, म्हणून मूठभर खाल्ले तरी पोटाला आधार मिळतो. भाजक्या पोह्यांचा चिवडाही हलका आहे, मात्र त्यात मीठ सढळ हाताने घातलेले असते. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मर्यादा पाहता वाटीभरावर थांबावे. भाजणीची चकली चवीला अप्रतिम (आमच्याकडे डबा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही), पण ती तळलेली असल्याने रोजची नव्हे. राजगिऱ्याचा लाडू गुळाचा असला तरी गूळही साखरच, आणि गोड चिकट पदार्थ दिवसभर थोडाथोडा चघळल्यास दातांना सावरायला उसंत मिळत नाही.

पाकिटांवर घटकांची यादी आहे, पोषणमूल्यांचा तक्ता मात्र नाही. भाव वाण्यापेक्षा थोडे जास्त असले, तरी फुटाण्यांसाठी ते मला पटतात.