कोपराचा जेल पॅड: पाच महिने वापरला, काल वेल्क्रोने मान टाकली

साडेसहाशे रुपये मोजलेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या ओट्याला कडप्पा आहे. दूध तापेपर्यंत त्यावर डावं कोपर टेकून मोबाईल बघायचा, ही माझी वर्षानुवर्षांची खोड. फेब्रुवारीत कोपराच्या टोकावर लिंबाएवढी मऊ गाठ आली. एरवी दुखायची नाही, टेकलं की कळ. मेडिकलवाल्याने 'टेनिस एल्बो' म्हणून एक पट्टा गळ्यात मारला. ते दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूचं, माझी गाठ टोकावर! तीनशे रुपये पाण्यात. तो पट्टा हल्ली छत्रीला बांधलाय.

डॉक्टर म्हणाले, बर्सायटिस. हाड आणि कातडीच्या मधे पातळ पिशवी असते, दाबाने तिच्यात पाणी साचतं. लाली नव्हती, तापही नव्हता, म्हणून सुईने पाणी काढलं नाही. काढलं तरी पुन्हा भरू शकतं, वर जंतू शिरायची भीती. युरिक अ‍ॅसिड तेवढं तपासलं, ते सांध्यांत साचून होणाऱ्या गाऊट या आजारानेही असं होतं म्हणे. फडक्यात गुंडाळून बर्फ लावा आणि कोपर टेकू नका, एवढंच सांगितलं.

आता पॅड. जेल छान आहे, टेकलं तरी कळ येत नाही. पण तो वेल्क्रो! ओढणीचे धागे, केस, कणकेचे कण, सगळं त्यात. दर रविवारी मी टाचणीने तो विंचरायची. सैल बांधला तर पॅड मनगटाकडे घसरतो, घट्ट बांधला तर करंगळीला मुंग्या येतात. पावसाळ्यात धुतला की दोन दिवस वाळत नाही, कुबट वास वेगळाच. काल भाजी चिरताना तो आपणहून सुटून कढईच्या कडेला लोंबला. दोनच तारे देणार होते.

दोन दिवसांनंतर: पॅडविना ओट्याशी उभी होते. कोपर टेकायला गेलं आणि आपसूक मागे आलं. गाठ एप्रिलअखेरीसच उतरली होती, आता चाचपली तर थोडी जाड कातडी लागते, बस. सवय मोडली ती या बोजड पॅडनेच, हे कबूल. शिंप्याकडून वेल्क्रो काढून टिचबटणं लावून घेतली. चार तारे देते. पाचवा वेल्क्रोपायी कापला. शिंप्याने चाळीस रुपये घेतले, ते कंपनीकडून कोण वसूल करणार?