'सर्वो' म्हणून 46,790 रुपये घेतले आणि गळ्यात साधे स्टेपर मारले

तीन मोटरी आणि तीन ड्रायव्हरचे (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) 38,700, 'एन्कोडर कार्डा'चे 6,850, कुरिअरचे 1,240. एकूण 46,790 रुपये. आकडा लिहितानाही लाज वाटते, कारण गेली 19 वर्षं मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर उभा आहे. पण लेथ माझ्या हातातला, इलेक्ट्रॉनिक्स नाही. आणि मोटरी विकणारा माणूस जे बोलत होता त्यातलं निम्मं खरं होतं, तिथंच घात झाला.

घरी छोटं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं मशीन, बनवत होतो. देवघराच्या महिरपी, दारावरच्या पाट्या कोरायच्या होत्या. 1605 बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारे आट्यांचे दांडे), रेल सगळं जुळलं होतं, प्रश्न फक्त मोटरींचा होता. मित्राच्या मशीनवर साधे स्टेपर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरी, आहेत. सागाच्या गाठीत कटर अडला की टप्पे (स्टेप) मिस होतात आणि मशीनला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरला त्याचा पत्ताच नसतो. तो आपला फिरायचा इशारा (पल्स) देत राहतो आणि पुढची सगळी नक्षी सरकते. म्हणून मला सर्वो हवा होता. मागे एन्कोडर, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर, फरक पडला की ड्रायव्हर तो भरून काढणार, नाहीच जमलं तर अलार्म देऊन थांबणार. एसी सर्वो तीन अक्षांना परवडत नव्हते. मधली वाट म्हणजे क्लोज्ड लूप, म्हणजे एन्कोडर लावलेला स्टेपरच, पण बाजारात त्याला 'हायब्रीड सर्वो' म्हणतात. या नावाच्या घोळावरच असले लोक पोट भरतात.

व्हिडिओ कॉलवर विकणाऱ्यानं चालती मोटर अडवून दाखवली. लाल दिवा लागला, मोटर थांबली. ती मोटर खरी असणार. मला आली ती वेगळी.

पार्सल आलं त्या रात्री मी शाफ्ट हातानं फिरवून बघत होतो. बायको म्हणाली, "अहो, हे असं टकटक का लागतंय?" मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, हायब्रीडला तसं लागतंच. हे खरं आहे! स्टेपरच्या जातीची मोटर करंट नसतानाही टप्प्याटप्प्यानं फिरते. ड्रायव्हरवर ए प्लस, ए मायनस, बी प्लस, बी मायनस एवढीच चार टोकं होती, तीही हायब्रीडला असतात. पण मोटरीच्या मागच्या काळ्या टोपीतून आलेली करडी केबल माझ्या हातात होती आणि ती खुपसायला ड्रायव्हरवर जागाच नव्हती. मी ड्रायव्हर चारही बाजूंनी फिरवून बघितला. जागा नाही. त्याच क्षणी डोक्यात उजेड पडायला हवा होता! लूप बंद होतो तो ड्रायव्हरमध्येच. एन्कोडरची खबर ड्रायव्हरलाच मिळत नसेल तर तो चूक भरून काढणार कशाच्या जोरावर? मी विचारलं तर म्हणाला, "साहेब, त्याचं कार्ड वेगळं येतं, 6,850." आणि मी दहा मिनिटांत पैसे पाठवले. 38,700 आधीच अडकले होते, त्यामुळे मागं फिरायची छाती झाली नाही. तुम्ही असता तरी बहुतेक हेच केलं असतं.

कार्ड आलं, निळा दिवा लागला, मला वाटलं झालं काम. पहिलीच महिरप अर्ध्यात साडेतीन मिलिमीटर सरकली. अलार्म नाही, काही नाही. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) बंद ठेवून गॅन्ट्री (कटर धरणारा सरकता सांगाडा) हळू चालवली आणि हातानं रेटून धरली. मोटर गुरगुरली, जागेवर थबकली, पण स्क्रीनवरचे एक्स अक्षाचे आकडे पळतच होते. मग टोपीचे चार स्क्रू काढले. आत एन्कोडरची चकती नाही, सेन्सर नाही, काहीच नाही. केबलला आतून गाठ मारून ग्लू गनच्या गोळ्यानं चिकटवलेलं. तिन्ही मोटरी तशाच. कार्डावर दिव्याला पुरेल एवढंच सर्किट. ड्रायव्हरवरचं 'सर्वो'चं स्टिकर नखानं निघालं.

एवढ्या ताकदीचे स्टेपर ड्रायव्हरसकट आमच्या गावातल्या दुकानदारानं नंतर 11,400 ला सांगितले. आणि खरं सांगायचं तर लाकडाच्या छोट्या राउटरला नीट निवडलेले स्टेपर पुरतात. वेग वाढला की त्यांचा टॉर्क (फिरवायची ताकद) पडतो, एवढं ध्यानात ठेवून फीड, म्हणजे कटर पुढं सरकायचा वेग, बेतानं ठेवायचा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

पोलीस चौकीत तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा अर्ज वाचून म्हणाले, "मोटर मिळाली ना? फिरते ना? मग फसवणूक कुठली?" मी पिशवीतून मोटर काढली, टोपी उघडून गाठ दाखवली. हवालदार म्हणाला, हे गॅरेजवाल्याला दाखवा. तिसऱ्यांदा सायबरकडे पाठवलं. तिथं ऐकवलं की वस्तू हातात आली म्हणजे हे सायबर नाही, ग्राहक आयोगात जा. बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच टाकलाय." चार दिवसांचा अर्धा-अर्धा रोज बुडाला, झेरॉक्सचे 86 रुपये गेले, आणि एकानंही त्या नंबरवर साधा फोन लावून बघितला नाही. चोर एका फोनवर सापडत असताना मला मात्र टेबलावरून टेबलावर फिरवलं! ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे, हेही मला एका वकिलानं सांगितलं, यांच्यापैकी कुणी नाही. पण नोटीस पाठवायची कुठं? माझ्याकडे 'एस्टिमेट' लिहिलेला कागद आहे, त्यावर पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. एस्टिमेट म्हणजे बिल नव्हे. पक्कं बिल देत नसेल तर तिथंच व्यवहार तोडा. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता.

त्याचा जुना नंबर बंद आहे. परवा तोच फोटो, तीच काळी टोपी, दुसऱ्या नावानं 34,900 ला दिसली. कुणी घेतली असेल तर आज रात्रीच ते चार स्क्रू काढून बघा.