लातूरमधील हृदय पुनर्वसन वर्ग : बारा आठवड्यांचा अनुभव

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवल्यानंतर आम्ही लातूरमधील एका खाजगी रुग्णालयाच्या हृदय पुनर्वसन वर्गात बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, जात होतो. देखरेखीखाली व्यायाम, आहाराचा सल्ला आणि समुपदेशन असे या वर्गाचे स्वरूप आहे. पहिल्या दोन्ही गोष्टी उत्तम आहेत. मला सविस्तर लिहायचे आहे ते समुपदेशनाविषयी, कारण आमच्यासोबतच्या बऱ्याच कुटुंबांनी ‘आमच्या माणसाला वेड लागलेले नाही’ असे म्हणून ते टाळले.

अण्णांचे मोंढ्यात अडत दुकान आहे आणि झटक्यापूर्वीचे दोन हंगाम त्यांची उधारी अडकून पडली होती. घरी आल्यावर ते पहाटे तीनला उठून ओट्यावर बसून राहत, ताटातली भाकरी अर्धीच खात आणि विचारले की ‘जीव नुसता घाबरा व्हायलाय’ एवढेच सांगत. आम्ही सर्वांनी तो अशक्तपणा समजला.

समुपदेशक बाईंनी ताणाचे काम कसे चालते ते समजावून सांगितले. तणावात अ‍ॅड्रेनलिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या स्नायूला अधिक रक्त लागते. निरोगी धमनी अशा वेळी रुंदावते, पण आतले अस्तर बिघडलेली धमनी उलट आकसू शकते, शिवाय रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढवणाऱ्या धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांच्याच यादीत मानसिक-सामाजिक ताणाचा समावेश होता, ही माहिती मला नवीन होती. उदास रुग्ण गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही आणि तंबाखूकडे परत वळतो, हा धोका वेगळाच.

मात्र वर्गातल्या भिंतीवर ‘ताण घालवा, ब्लॉकेज घालवा’ असा फलक आहे, तो काढून टाकावा असे मला मनापासून वाटते. असे आश्वासन खरे नाही. अमेरिकेत सुमारे अडीच हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मानसोपचाराने उदासीनता कमी झाली, परंतु मृत्यू किंवा दुसरा झटका यांचे प्रमाण घटले नाही. त्यामुळे हे उपचार गोळ्या आणि पथ्याच्या जोडीने घ्यायचे आहेत, त्यांच्याऐवजी नव्हे. माणसाला झोप लागणे, जेवणात चव वाटणे, हेही घेण्यासारखेच आहे.

माझी खरी तक्रार पहिल्या तपासणीविषयी आहे. मागील दोन आठवड्यांत मन कसे होते, यावर नऊ प्रश्नांची एक पत्रिका भरून घेतात आणि २७ पैकी १० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करतात. ती पत्रिका अण्णांना बाहेरच्या बाकावर, शेजारी दोन ओळखीचे व्यापारी बसलेले असताना, मोठ्याने वाचून दाखवली गेली. त्यांनी नऊही प्रश्नांना ‘नाही’ म्हटले आणि गुण शून्य आले. चौथ्या आठवड्यात मी आग्रह धरल्यावर बाईंनी त्यांना दार लावून एकट्याला बसवले आणि ‘निरुत्साह वाटतो का’ याऐवजी ‘दुकानात जावंसं वाटतं का’ असे विचारले. अण्णा बराच वेळ उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळत बसले होते आणि मग बोलू लागले. त्या दिवशी गुण १४ आले.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांनी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून गोळी सुरू केली. हे बोलणे आवश्यकच असते, कारण नैराश्यावरील काही जुनी औषधे हृदयरोग्यांना चालत नाहीत. बाराव्या आठवड्यात गुण ६ होते. पहाटे जाग अजूनही येते, पण अण्णा आता पुन्हा झोपतात.

निलंगा, अहमदपूरकडच्या ज्यांना आठवड्यातून दोनदा येणे परवडणार नाही, त्यांना मन मोकळे करण्यासाठी ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते, छातीत दुखू लागल्यास मात्र थेट रुग्णालयच गाठावे. वर्गात नाव नोंदवणाऱ्यांनी प्रश्नपत्रिकेसाठी बंद खोली पहिल्याच दिवशी मागावी. मागितल्यावर ती देतात.