फिंचची चोच आणि बाळाचं वजन: निवड कुठे ढकलते, कुठे धरून ठेवते

फिंच या छोट्या पक्ष्याच्या चोचीची जाडी काय किंवा बाळाचं जन्मावेळचं वजन काय, एका जीनचं काम नाही, बऱ्याच जीन्सचा थोडा थोडा वाटा असतो, म्हणून बहुतेक जण मधल्या मापाचे निघतात. पण नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जास्त वाचतात आणि त्यांचे गुण पुढच्या पिढीत जास्त उतरतात ती प्रक्रिया, दोन्हीकडे वेगळी वागते. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर बेटावर १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपत आल्या, मग कडक बिया फोडणारे जाड चोचीचे फिंच जास्त वाचले आणि तिथे त्यांचा अभ्यास करणाऱ्या पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने मोजलं तर पुढच्या पिढीची सरासरीच सरकलेली! मला हे अजून थरारक वाटतं. बाळांचं तसं नाही, फार हलकी आणि फार जड दोन्ही धोक्यात, त्यामुळे सरासरी जवळपास तिथेच राहते. आता सिझेरियन, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) यांमुळे निवडीचा तो दाब बराच कमी झालाय.